बोकडाला त्या दिवशी काय मिळालं?

१५ ऑगस्ट २०२५ रोजी शुक्रवार होता आणि श्रावण चालू होता. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने आदल्या मध्यरात्रीपासून चोवीस तास शहरातले कत्तलखाने आणि मटण-चिकनची दुकानं बंद ठेवण्याचा आदेश काढला. बकरी, मेंढी, कोंबडी, मोठी जनावरं, सगळी त्यात आली. आधार दिला गेला तो राज्य सरकारच्या १९८८च्या निर्णयाचा. खाटीक समाजातून विरोध झाला. आदित्य ठाकरे यांनी आयुक्तांच्या निलंबनाची मागणी केली, जितेंद्र आव्हाड यांनी त्याच दिवशी मटण पार्टी करण्याचं जाहीर केलं आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीही अशी बंदी योग्य नसल्याचं सांगितलं. कोण काय खातो यात सरकारला रस नाही, असा खुलासा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना करावा लागला.

खाण्याच्या स्वातंत्र्यावर त्या आठवड्यात भरपूर बोललं गेलं, आणि ते बोलायलाच हवं होतं. पण ज्याच्या नावाने हे सगळं चाललं होतं त्या जनावराबद्दल कुणी काही विचारलं नाही. बंदीच्या बाजूने अशा वेळी एक युक्तिवाद हमखास येतो: निदान एक दिवस तरी मुक्या जीवांना जीवदान मिळतं. हा युक्तिवाद मनापासून केला जातो, म्हणून त्याचं उत्तरही मनापासून आणि नीट द्यायला हवं.

बोकडाला त्या दिवशी काय मिळालं? दुकान शुक्रवारी बंद म्हटल्यावर ज्याला खायचं आहे तो गुरुवारी रात्री मटण नेऊन फ्रिजमध्ये ठेवतो. जो थांबतो तो शनिवारी घेतो. मागणी एका दिवसाने मागे किंवा पुढे सरकते, संपत नाही. शिवाय ठाणे-कल्याण पट्ट्यातली असंख्य मराठी घरं आषाढी अमावस्येला गटारी साजरी करून श्रावणभर मांसाहार टाळतातच. कुणाच्या आदेशावाचून, आपल्या मनाने टाळतात. म्हणजे ज्या घरांना हे व्रत मान्य आहे ती आधीच ते पाळत होती, ज्यांना मान्य नाही त्यांच्यावर ते लादलं गेलं. आणि दुकानातल्या जाळीच्या पिंजऱ्यात एकमेकींच्या अंगावर कोंबलेल्या कोंबड्यांची सुटका झाली नाही. त्यांना त्याच पिंजऱ्यात आणखी एक दिवस काढावा लागला.

महापालिकेला जनावराची कणव असेल तर तिच्यासाठी कायद्याने कामाचा डोंगर उभा करून ठेवलेला आहे. केंद्र सरकारचे कत्तलखान्यांविषयीचे नियम २००१चे आहेत. जनावर आणल्यावर कापण्यापूर्वी त्याला चोवीस तास विश्रांती द्यायची. गाभण जनावर, तीन महिन्यांपेक्षा लहान पिल्लाची आई आणि तीन महिन्यांच्या आतलं जनावर कापायचं नाही. एका जनावराच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला कापायचं नाही. प्रत्येक जनावर पशुवैद्यकाने तपासायचं, आणि घाईत शिक्के मारले जाऊ नयेत म्हणून एका डॉक्टरने तासाला १२ आणि दिवसाला ९६ यापेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. हे आकडे पाहिले की लक्षात येतं, नियम लिहिणाऱ्याने मरणाऱ्या जनावराच्या शेवटच्या दिवसाचा खरोखर विचार केला होता. या नियमांत धर्म नाही, सण नाही, तिथी नाही. ते वर्षातल्या प्रत्येक दिवसाला लागू आहेत. मात्र ते पाळायचे तर गोठा, पाणी, डॉक्टर, नोंदवही आणि रोजची देखरेख लागते. म्हणून एका दिवसाच्या बंदीचा आदेश सोपा पडतो.

कोंबडीची गोष्ट तर रस्त्यावरच दिसते. डोंबिवली असो, कल्याण असो, कळवा असो, सकाळी दुकानांकडे जाणाऱ्या दुचाकीच्या हँडलला आणि मागच्या दांड्यांना पाय बांधून उलट्या टांगलेल्या कोंबड्या आणि चाकाजवळ हेलकावे खाणारी त्यांची डोकी कुणी पाहिली नाहीत? २००१मध्येच प्राण्यांच्या वाहतुकीच्या नियमांत कोंबड्यांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. कोंबड्या कशा खोक्यांतून न्यायच्या, त्यांना हवा आणि पाणी कसं मिळेल, हे सगळं त्यात आहे. आणि या कोंबड्यांचं गिऱ्हाईक कोण? आगरी, कोळी, मराठा, सीकेपी, मल्याळी, बंगाली, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे. टांगणारा हात आणि विकत घेणारा हात यांना एका जातीचं किंवा धर्माचं नाव देता येत नाही. क्रौर्याच्या चर्चेतून ही कोंबडी कायम वगळली जाते, याचं कारण बहुधा हेच असावं.

आता दुसरा आक्षेप. मांस खाणाऱ्याने प्राण्यांवरच्या दयेबद्दल बोलूच नये, असं काही जणांचं ठाम मत असतं. त्याला उत्तर द्यायला या भागाचाच इतिहास पुरेसा आहे. ठाणे शहर साष्टी बेटाच्या पूर्व काठावर आहे आणि त्याच्या खालच्या मुंबई बेटावर १८३२च्या जूनमध्ये दंगल झाली होती, ती कुत्र्यांसाठी. कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली होती आणि प्रत्येक मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं होतं. कुत्री पकडणाऱ्यांना पारशांनी अडवलं. पारशी धर्मविधींत कुत्र्याला मानाची जागा आहे. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, कुलाब्याच्या फौजेची रसद अडली. या बंदमध्ये हिंदू, जैन आणि मुसलमानही उतरले. दोनच वर्षांनी, १८३४मध्ये, जमशेटजी जीजीभॉय हे पारशी आणि मोतीचंद अमीचंद हे जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईचं पांजरापोळ उभं राहिलं. पुढे १८७४मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी मुंबईची संस्था निघाली, आणि परळला जनावरांचं रुग्णालय झालं ते दिनशॉ माणेकजी पेटिट या पारशी गिरणीमालकाच्या देणगीतून. आजही त्याला त्यांच्या पत्नीचं, बाई साकरबाईंचं नाव आहे.

पारशांच्या जेवणात मटण-मासे आहेत, अंडं तर आहेच. जमशेटजींनी पांजरापोळासाठी पैसे देताना मोतीचंदांच्या स्वयंपाकघराचे नियम स्वीकारले नाहीत आणि मोतीचंदांनीही तशी अट घातली नाही. जनावराला चारा, पाणी, छप्पर आणि औषध हवं, एवढ्यावर दोघांचं जमलं. अनेक धर्मांचे लोक एका बेटावर राहत असतील तर काम असंच उभं राहतं. आधी एकमेकांच्या ताटाचा निकाल लावायचा आणि मग जनावराकडे वळायचं, असं त्यांनी ठरवलं असतं तर पांजरापोळ कधीच झालं नसतं.

आज नेमकं उलटं चाललं आहे, आणि ते कायद्यातही दिसतं. महाराष्ट्रात मार्च २०१५पासून बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. हा बैल जिवंत असताना त्याला उपाशी ठेवलं, झेपणार नाही एवढं ओझं ओढायला लावलं, रक्त येईपर्यंत मारलं, तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांत पुन्हा तेच केलं तर पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून हा कायदा झाला, आणि १९६०मध्ये पन्नास रुपयांना काही किंमत होती. ती आज काय उरली आहे? केंद्राने २०२२मध्ये दंड आणि शिक्षा वाढवणारा मसुदा लोकांसमोर ठेवला होता, कायद्यात मात्र आजही पन्नासच आहेत. बैलाचं मरण हा राजकीय प्रश्न झाला, बैलाचं जगणं झालं नाही. गोवंशाच्या नावाने रस्त्यावर उतरणाऱ्या प्रत्येक संघटनेला हा प्रश्न विचारायला हवा: तुमच्या मोर्चात कलम ११चा फलक कधी होता?

हीच गल्लत जून २०२३मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडला झाली. एका रहिवाशाने बकरी ईदच्या आधीच्या दिवसांत आपल्या फ्लॅटमध्ये दोन बकरे आणले, सोसायटीत जमाव जमला, हनुमान चालिसा म्हटली गेली, पोलिस आले. सोसायटीच्या आवारात कापाकापी होऊ नये ही मागणी रास्त आहे. त्याच आठवड्यात दक्षिण मुंबईतल्या एका सोसायटीच्या प्रकरणात उच्च न्यायालयानेही विनापरवाना कुर्बानी होऊ देऊ नका असंच सांगितलं. पण त्या जमावातल्या घोषणांचा विषय बकऱ्यांचं पाणी, सावली किंवा दोरी हा नव्हता. विषय होता शेजारी कोण राहतो हा.

कायदा इथे पुरेसा स्पष्ट आहे. १९६०च्या कायद्याचं कलम २८ सांगतं की एखाद्या समाजाच्या धर्मानुसार आवश्यक पद्धतीने प्राणी मारणं हा या कायद्याखाली गुन्हा नाही. सवलत मारण्याच्या कृतीला आहे. राजस्थानातून किंवा मराठवाड्यातून ट्रकमध्ये दाटीवाटीने उभं करून आणणं, दोन दिवस पाण्याविना ठेवणं, पाय मोडलेला बकरा फरफटत उतरवणं, यातल्या कशालाही ती लागू नाही. कुर्बानी असो, जत्रेचा नवस असो, श्रद्धेने जनावर देणाऱ्या माणसाला त्या जनावराने सोसलेली तहान पुण्याची वाटत असेल असं मानायचं कारण नाही. त्याच्याशी बोलता येतं. मौलवींशी, जत्रेच्या कमिटीशी, व्यापाऱ्यांशी बोलता येतं. पण दारात जमाव आणून बोलायला गेलं की संवाद तिथेच संपतो, आणि समोरचा माणूस मग बकऱ्याच्या दोरीविषयी रास्त गोष्टही ऐकून घेत नाही.

क्रौर्य हा 'त्यांच्या' संस्कृतीचा भाग आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी फेब्रुवारी २०२४मधली ठाण्याचीच घटना आठवावी. पाळीव प्राण्यांच्या एका चकचकीत दवाखान्यात, मालकाने विश्वासाने सोपवलेल्या कुत्र्याला कर्मचारी तोंडावर ठोसे मारत होता आणि दुसरा ते मोबाइलवर टिपत होता. चित्रफीत पसरली, गुन्हा नोंदवला गेला. तिथे ना सण होता, ना रूढी, ना मांसाहार. एक मुका जीव हाताखाली होता आणि कुणी पाहत नाही असा समज होता. बहुतेक क्रौर्य असंच घडतं.

आता जे लोक 'आमच्या परंपरेला हात लावू नका' म्हणून प्राण्यांचा विषयच झटकतात, त्यांच्याशीही तितक्याच स्पष्टपणे बोललं पाहिजे. ठाणे आणि रायगडच्या आगरी पट्ट्यात बैलगाडा शर्यतीचं वेड मोठं आहे. बैलावर लाखो रुपये खर्च करणारे, त्याला पोटच्या पोरासारखं न्हाऊ-माखू घालणारे शौकीन इथे गावोगाव आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये शर्यती थांबवल्या, राज्याने २०१७मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती कायम ठेवली. गुलाल उधळला गेला. पण ही परवानगी अटींवर मिळाली आहे. धाव हजार मीटरपेक्षा लांब नको, काठी आणि चाबूक नको, आणि बैलाला यातना दिल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कलम ११च्या पन्नास रुपयांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. शर्यतीच्या मैदानावर बैलाला जे संरक्षण आहे ते मालवाहू गाडीला जुंपलेल्या बैलाला नाही. म्हणून शर्यतीच्या आयोजकांचीच जबाबदारी सगळ्यात मोठी आहे. न्यायालयात 'आम्ही बैलावर प्रेम करतो' असं सांगून आलेल्याने सुटण्याच्या रेषेवर शेपूट पिरगळणाऱ्याला, खिळा टोचणाऱ्याला स्वतः पकडून द्यायला हवं. बाहेरच्या प्राणिमित्राने येऊन तक्रार करण्याची वेळ का यावी?

संक्रांतीचा नायलॉन मांजाही याच हिशेबात येतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७मध्ये देशभर बंदी घातली, तरी जानेवारीत पंख कापलेले पक्षी झाडांवर आणि तारांवर लोंबकळताना दिसतात. पतंगाला कुणाचाच विरोध नाही.

कबुतरांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. राज्य सरकारने जुलै २०२५मध्ये मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर टाकलेली ताडपत्री संतप्त जैन भाविकांनी ओढून काढली. दाणे टाकणाऱ्याच्या मनातली करुणा खरी आहे, तिची टवाळी करणं चूकच. पण कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसांना होणारा आजारही तितकाच खरा आहे. माणसाच्या हातचे दाणे हवे तेवढे मिळत राहिले की कबुतरांची संख्या जागेला झेपत नाही, आणि दाटीत आजारी पडून मरणारी कबुतरंही तिथेच सापडतात. ज्या समाजाने पांजरापोळं चालवली, ज्याने दीडशे-दोनशे वर्षं आजारी जनावरांवर खर्च केला, त्याला हे कळणार नाही असं कसं म्हणायचं? दाण्यांच्या पैशांतून पक्ष्यांवर उपचार करणारं केंद्र कल्याणमध्ये झालं तर कितीतरी जीव खरोखर वाचतील.

सगळ्यात जास्त भांडण मात्र कुत्र्यांवरून आहे, आणि इथे दुखावलेला माणूसही आहे. चावा घेतलेल्या मुलाच्या आईला प्राणिप्रेमावर व्याख्यान देणं निर्दयपणाचं आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा, असा आदेश दिला. अकरा दिवसांनी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री जिथली तिथे सोडा, रेबीज झालेली आणि आक्रमक सोडू नका, खाऊ घालायच्या जागा ठरवून द्या. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून परत तिथे न सोडण्याचा आदेश आला. ठाणे आणि कल्याणसारख्या स्थानकांना तो सरळ लागू होतो.

'सगळी उचला' म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. उचललेलं कुत्रं ठेवायला निवारा, खाणं, माणसं आणि डॉक्टर लागतात. ते नसतील तर कुत्रं गाडीतून शहराच्या वेशीबाहेर जातं आणि चावा डोंबिवलीऐवजी एखाद्या पाड्यावर बसतो, जिथे लस मिळायला अर्धा दिवस मोडतो. रिकाम्या झालेल्या गल्लीत, उकिरडा तसाच असल्यामुळे, लस न दिलेली नवी कुत्री येतात. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की एखाद्या भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. याचा अर्थ कामाचा क्रम लस, नसबंदी आणि कचरा असा आहे, आणि २०२३च्या केंद्रीय नियमांनुसार ते काम स्थानिक संस्थेचं आहे. दुसऱ्या बाजूला, जिन्यात आणि फाटकाजवळ वाट्टेल तिथे अन्न टाकणाऱ्या श्वानप्रेमींनीही हेच नियम वाचावेत. सोसायटीने ठरवलेल्या जागी, मुलांच्या खेळण्यापासून दूर खाऊ घालायचं, असं त्यांत लिहिलेलं आहे. जो रोज खाऊ घालतो त्याच्याच हाताला कुत्रं येतं. लसीकरणाच्या गाडीला त्या माणसाची मदत मिळाली तर ७० टक्के हा आकडा गाठता येतो. त्याला शिवीगाळ केली की ती मदत गेली.

माणसांचेच प्रश्न सुटत नाहीत, लोकलमधून माणसं पडून मरतात, मग जनावरांचं कशाला, असंही विचारलं जातं. पण वर आलेली कामं पाहा. कत्तलखान्यातला डॉक्टर नीट काम करतो तेव्हा आजारी जनावराचं मांस माणसाच्या पोटात जात नाही. लस कुत्र्याला टोचली जाते आणि वाचतं मूल. नायलॉनचा मांजा दुचाकीस्वाराचा गळाही कापतो.

राहतो तो पोलिसांचा प्रश्न. कलम ११मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. मारहाण, उपासमार, जास्त ओझं यांसाठी पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. जनावराला क्रूरपणे ठार करणं किंवा त्याचा अवयव तोडणं यांसारखे मोजकेच गुन्हे दखलपात्र आहेत. जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू आहे. जनावर मारणं, विष घालणं किंवा पंगू करणं यासाठी त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि जुन्या दंड संहितेतली जनावराच्या दहा-पन्नास रुपये किमतीची अट निघून गेली आहे, हे चांगलं झालं. पण त्या संहितेतून जुनं कलम ३७७ पूर्ण गळाल्यामुळे प्राण्यांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी वेगळं कलमच उरलेलं नाही. या दोन्ही त्रुटी संसदेने भरायच्या आहेत. ठाण्यातून आणि कल्याणमधून दिल्लीत जाणाऱ्या खासदारांनी त्यासाठी आवाज उठवल्याने कुणाच्याही भावना दुखावत नाहीत.

तोवर जिल्ह्यात करण्यासारखं आहे. २००१च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटी असायला हवी आणि तिच्याकडे जनावरांचा दवाखाना व निवारा हवा. त्या सोसायटीचा फोन नंबर महापालिकेच्या प्रत्येक प्रभाग कार्यालयात आणि पोलिस ठाण्यात लावलेला असावा, आणि तिच्या कामात या जिल्ह्याची सगळी माणसं असावीत: पांजरापोळ चालवणारे जैन, शर्यतीचे बैल राखणारे आगरी, भिवंडी-कल्याणचे मुसलमान व्यापारी, रोज कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या बाया, पशुवैद्यक. आणि खाटीक तर असलाच पाहिजे. प्राणिमित्रांच्या बैठकीला त्याला आजवर आरोपी म्हणूनच बोलावलं गेलं. बकरा आजारी आहे की घाबरलेला, टेम्पोत किती उभे केले की खालचे तुडवले जातात, कोणता व्यापारी पाणी न पाजता माल आणतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. दुकान बंद ठेवण्याची नोटीस त्याच्या हातात देण्यापेक्षा पालिकेच्या पशुवैद्यकाने त्याच्या शेजारी बसून ही माहिती लिहून घ्यावी, आणि पुढच्या बकरी ईदच्या, पुढच्या जत्रेच्या आधी त्या व्यापाऱ्याचे ट्रक जिल्ह्याच्या हद्दीवर उघडून पाहावेत.